पिठाची विरी, हाताची सवय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मराठी बोलण्यातून भाकरी बाजूला काढायची म्हटली तर आपली मोठी पंचाईत होईल. पोटापाण्याचा विषय निघाला की आपण 'भाकरीचा प्रश्न' म्हणतो. दुसऱ्यासाठी विनाकारण राबणाऱ्याला 'लष्कराच्या भाकऱ्या भाजतो' म्हणून हसतो. घरात पंचपक्वान्नं शिजत असली तरी पाहुण्याला 'या, मीठभाकर खाऊन जा' असंच म्हणतो. राजकारणात माणसं बदलायची झाली की पुढारी सांगतात, 'भाकरी फिरवावी लागते.' त्यामागे आपलं जुनं कोडं आहे. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. म्हणजे भाषेत आपण भाकरी रोज भाजतो. घरच्या तव्यावर मात्र, विशेषतः शहरात, ती कमी कमी दिसू लागली आहे.

भाकरीची आवड कमी झाली म्हणून असं झालं, असंही नाही. हॉटेलात गेलो की आपण पिठलं-भाकरीची थाळी मागवतो. सुट्टीत गावाकडे गेलो की भाकरी आणि ठेचा यांचं कौतुक करतो. मग घरी का करत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'आम्हाला जमत नाही.' थापताना तुटते, तव्यावर टाकताना दुमडते, फुगत नाही, थोड्या वेळानं कडक होते. शेवटी एक सुस्कारा: 'आमच्या आईच्या हाताला होती हो ती सवय!'

आज मला या 'जमत नाही' विषयीच बोलायचं आहे. भाकरी आपल्याला जमत नाही, याचं मोठं कारण म्हणजे ती आपल्याला कोणी शब्दांत सांगितलेली नाही. ज्या बायकांच्या हातात ती विद्या होती, त्या लहानपणी पाहून पाहून शिकल्या. तुम्ही हे कसं करता, असं त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं तर एखादी आजी म्हणते, 'किती पाणी घ्यायचं ते पीठच सांगतं.' तिचं अगदी खरं असतं, पण नवशिक्याला पिठाची भाषा कुठे येते? नभोवाणीवर मला काही दाखवता येत नाही. जे आहे ते सांगावंच लागतं. म्हणून या विषयासाठी ही जागा मला सोयीची वाटते.

सुरुवात पिठापासून करू. गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळलं की तिच्यातल्या प्रथिनांचं एक चिवट जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. या जाळ्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही, म्हणून पोळी लाटता येते, घडी घालता येते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत हे जाळं तयार होत नाही. गार पाण्यात मळलेला ज्वारीचा गोळा लाटायला गेलं की तो भेगाळतो. यात आपल्या हाताचा दोष नसतो, त्या धान्याचा तो स्वभावच आहे. भाकरीची सगळी कला म्हणजे हा न मिळालेला चिवटपणा दुसऱ्या मार्गानं मिळवण्याची युक्ती आहे.

ती युक्ती गरम पाण्यात आहे. धान्यातला पिष्टमय भाग पाण्यात साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की फुगतो आणि चिकट होतो. खळ करताना आपण हेच पाहतो. भाकरीच्या पिठात कडकडीत पाणी घातलं की त्यातलं थोडं पीठ शिजतं आणि तेच बाकीच्या पिठाला धरून ठेवतं. आपल्या आज्यापणज्यांना हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. पण आधणाचं पाणी घेतल्याशिवाय त्या जुन्या पिठाला हात लावत नव्हत्या.

'जुन्या पिठाला' असं मी मुद्दाम म्हटलं. मराठीत यासाठी एक फार नेमका शब्द आहे: 'विरी'. काही भागांत 'इरी' म्हणतात. पिठातला धरून ठेवण्याचा गुण म्हणजे विरी. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते. मग कितीही मळा, भाकरीच्या कडा फाटतातच. हा शब्द आता शहरातल्या तरुण मुलांच्या कानावरही पडलेला नसतो. आणि 'जमत नाही' म्हणणाऱ्या निम्म्या घरांत दोष हाताचा नसून विरी गेलेल्या पिठाचा असतो, असं मला वाटतं. दुकानातली पिशवी आणायची, ती महिना-दीड महिना डब्यात ठेवायची आणि एखाद्या रविवारी हौसेनं भाकरी करायला घ्यायची, मग ती तुटणारच. म्हणून पहिला नियम असा: दळण थोडं आणि ताजं असावं. एका वेळी किलो-दोन किलोच दळून आणावं, बारीक दळायला सांगावं आणि आठ-दहा दिवसांत संपवावं. बाजरीची तर जास्तच घाई करावी. बाजरीत तेलाचा अंश अधिक असतो, त्यामुळे तिचं पीठ लवकर खवट आणि कडू होतं. उरलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर थोडे दिवस जास्त टिकतं.

आता पाणी. नवशिक्यानं उकड काढून करणं सर्वांत सोपं. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी घ्यावं. त्यात चिमूटभर मीठ घालून पाण्याला खळखळून उकळी आणावी. गॅस बंद करून पीठ घालावं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळावं आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवावं. मग परातीत घेऊन, हात पोळणार नाही इतपत गरम असतानाच मळायला घ्यावं. लागलं तर पाण्याचा हबका मारावा. यात चार-पाच मध्यम भाकरी होतात. सवय झाली की उकडही नको. परातीत पीठ घ्यायचं, मध्ये आळं करून कडकडीत पाणी ओतायचं आणि मळायचं. पीठ अगदी ताजं असेल तर नुसतं कोमट पाणीही पुरतं.

मळताना बोटं कामाची नाहीत. तळहाताचा मनगटाजवळचा भाग पिठावर ठेवून पुढे रगडायचं, गोळा करायचा, पुन्हा रगडायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नये. एका भाकरीपुरता गोळा घ्यावा, तो मऊ करावा आणि लगेच थापावा. मळणं पुरेसं झालं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. गोळा हातात चपटा करून पाहावा. कडेला भेगा पडल्या तर अजून मळायचं, कड गुळगुळीत राहिली तर थापायला घ्यायचं. 'पीठच सांगतं' म्हणतात ते हेच.

थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरावं आणि गोळा त्यावर ठेवावा. खाली कोरडं पीठ असलं की तळहाताच्या थापेबरोबर भाकरी आपोआप गोल फिरते, ती आपल्याला फिरवावी लागत नाही. मधला भाग जाड वाटला तर तळहात मध्ये आणावा. कड जाड असली तर बोटांनी कडेकडेनं दाबत जावं. पहिल्या आठवड्यात भाकरी तळहाताएवढीच करावी. मोठी भाकरी उचलताना तुटते आणि तिथेच माणूस हिंमत सोडतो.

ज्यांना थापणं जमतच नाही, त्यांनी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटावी, किंवा उकडीचा गोळा थोडं पीठ लावून पोळपाटावर लाटावा. जुनी माणसं नाक मुरडतील, 'ही कसली भाकरी?' म्हणतील. मुरडू द्यावं. लाटलेली भाकरी पोटात गेल्यावर आपली जात सांगत नाही.

खरी परीक्षा तव्यावर असते. तवा बिडाचा किंवा लोखंडी असावा आणि चांगला तापलेला असावा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचून उडून गेला पाहिजे. भाकरी टाकताना खालची कोरड्या पिठाची बाजू वर यावी आणि लगेच त्या बाजूला हातानं सगळीकडे पाणी लावावं. पाणी कशासाठी, असं कोणी विचारत नाही, पण सगळा खेळ त्या पाण्याचा आहे. वरचं कोरडं पीठ ओलं होऊन शिजतं आणि भाकरीवर एक सलग पातळ थर तयार होतो. तो थर आतली वाफ कोंडून धरतो. पाणी सुकत आलं, पण पृष्ठभाग अजून तडकला नाही, अशा वेळी भाकरी उलटावी. उशीर झाला तर बारीक भेगा पडतात, त्यांतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. पाण्याची बाजू तव्यावर नीट भाजून तिला तपकिरी ठिपके आले की पहिली बाजू थेट आचेवर धरावी. पूर्वी चुलीपुढे निखारे ओढून त्यांना टेकवून भाकरी उभी करत. आता गॅसवर जाळी ठेवून किंवा तव्यावरच फडक्यानं हलकं दाबून तेच साधतं. आतल्या पाण्याची वाफ दोन थरांना अलग करते आणि भाकरी टम्म फुगते.

भाजलेली भाकरी लगेच डब्यात कोंडू नये, तिला घाम सुटून ती ओली होते. टोपलीत फडकं घालून आधी वाफ जाऊ द्यावी. गार झाली की भाकरी कडक होते, ही तक्रारही चुकीची नाही. शिजलेला पिष्टमय भाग गार होताना पुन्हा घट्ट होतो. भातही रात्रीतून ताठ होतो, तसंच हे. सोलापूरकरांनी तर या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. पातळ भाकरी थापून, भाजून, पूर्ण वाळवून त्यांनी कडक भाकरी केली. ती बरेच दिवस टिकते, प्रवासाला नेता येते आणि तिच्यावर आज कितीतरी बायकांचं घर चालतं.

आता तुम्ही विचाराल, एवढंच असेल तर भाकरी आपल्या घरातून गेली कशी?

एक कारण शेतात आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली. पीक भरघोस यायचं, त्या काळात त्याची गरजही होती. पण खरिपातल्या या ज्वारीचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा, आणि 'हायब्रीडच्या भाकरीला चव नाही' ही तक्रार खेड्यापाड्यांत सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, ते आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. दुसरीकडे रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ मिळत राहिला. गव्हाची पोळी ही बऱ्या परिस्थितीची खूण झाली, भाकरी गरिबीची. १९९५ साली आलेल्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली, तेव्हाही भाकरी गरिबाचं अन्न म्हणूनच पुढे आली.

आज चित्र उलटं झालं आहे. रब्बीची मालदांडी ज्वारी सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांतल्या काळ्या जमिनीत, बहुतेक करून जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता. त्या हंगामात पेरलेल्या गव्हासाठी जाहीर झालेला हमीभाव होता २४२५ रुपये. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. गरिबाचं म्हणून ज्याला हिणवलं, ते धान्य आता गव्हापेक्षा महाग आहे.

तरी शेतकरी ज्वारीकडे परत वळेलच असं नाही. रब्बी ज्वारी हातानं उपटावी लागते, काढणीला माणसं मिळत नाहीत, आणि सोयाबीन, कांदा, ऊस यांचं आकर्षण मोठं आहे. ज्वारीबरोबर कडबा मिळतो, पण दावणीला जनावर नसेल तर कडबा तरी कशाला हवा? शेतात ज्वारी राहायची तर तिला रोजचं गिऱ्हाईक पाहिजे, आणि रोजचं गिऱ्हाईक म्हणजे तुमचं-आमचं घर. वर्षातून एकदा हुरडा खाऊन ज्वारीचं शेत टिकत नाही.

दुसरं कारण घरातच आहे आणि ते सांगताना मला जरा स्पष्ट बोललं पाहिजे. आपण 'चुलीवरची भाकरी' म्हणून जिचं कौतुक करतो, ती कोणीतरी धुरात बसून भाजलेली असते. शेतकरी कुटुंबातली बाई पहाटे उठून वीस-पंचवीस भाकरी थापत असे, मग शेतावर जात असे. पोळ्या करून झाकून ठेवता येतात, भाकरी ताजीच हवी. म्हणजे घरातले सगळे जेवून उठेपर्यंत तिनं तव्यापुढे बसायचं आणि शेवटी उरलेली, गार झालेली भाकरी स्वतः खायची. ज्या मुलींनी हे पाहिलं, त्यांनी मोठं झाल्यावर भाकरी नको म्हटलं, तर त्यांना दोष कसा देणार? त्यांनी भाकरी सोडली नाही, ते एकटीचं राबणं सोडलं.

म्हणून 'जुनं ते सोनं, बायकांनो पुन्हा भाकरी थापा' असं सांगायला मी आलेली नाही. भाकरी घरात परत यायची असेल तर ती एकीच्या गळ्यात पडून चालणार नाही. रानातल्या मटणाच्या पार्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. मटण पुरुष मोठ्या हौसेनं शिजवतात, मसाल्यावर वाद घालतात. भाकऱ्या मात्र गावातल्या कुणाच्या तरी घरून भाजून येतात. हातात ताकद आहे, चूल पेटवता येते, मग भाकरीच का येऊ नये? एकानं मळावं, दुसऱ्यानं भाजावं. चार माणसांच्या घरात दहा भाकरी अर्ध्या तासात होतात आणि सगळे गरम जेवतात. कोणी विकत आणत असेल तर तेही चांगलंच, भाकरी करून देणाऱ्या बाईचा रोजगार त्यात आहे. मात्र तिनं मागितलेल्या दरात घासाघीस करू नये. एक भाकरी स्वतः थापून पाहिली की तो दर किती रास्त आहे ते कळतं.

एक खबरदारीची गोष्टही सांगते. सध्या भाकरीला औषधाचं रूप आलं आहे. भाकरी खाल्ली की वजन उतरतं, साखर आटोक्यात येते, असं सर्रास ऐकू येतं. ज्वारी-बाजरीत तंतुमय भाग चांगला असतो, आणि ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांना ही धान्यं वरदानच आहेत. मात्र ती गव्हाच्या स्पर्शाविना दळलेली हवीत, गिरणीत 'गव्हावर' दळलेली त्यांना चालणार नाहीत. पण ज्वारी आणि गहू यांचे उष्मांक जवळपास सारखेच असतात. चार भाकरी खाल्ल्या तर त्या चारच मोजायच्या. मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. भाकरी चवीसाठी खावी, तब्येतीला होणारा लाभ वरकड समजावा.

आणि एकाच ज्वारीवर थांबू नये. आपल्या राज्यात भाकरीची केवढी रूपं आहेत! कोकणात तांदळाच्या उकडीची पांढरीशुभ्र भाकरी, सह्याद्रीच्या डोंगराळ भागात नाचणीची, खानदेशात उडीद घातलेली कळण्याची, भोगीला तीळ लावलेली बाजरीची. ज्या त्या जमिनीत जे पिकलं त्याची भाकरी झाली. त्या सगळ्यांमागची युक्ती मात्र मघाशी सांगितली तीच: ताजं पीठ, गरम पाणी, भरपूर मळणं आणि वेळेवर उलटणं.

तेव्हा श्रोतेहो, या आठवड्यात एक करून पाहा. किलोभर ज्वारी दळून आणा आणि आठ दिवस रोज दोनच भाकरी करा. पहिल्या दिवशी तुटतील, त्यांचा दुधात किंवा ताकात कुस्करा करून खा, वाया काही जात नाही. आठवड्याच्या शेवटी एखादी तरी नक्की फुगेल. घरात एखादी आजी, मावशी, आत्या असेल तर तिला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवा. तिला करायला लावू नका, बोलायला लावा. पाणी किती घेऊ, आता उलटू का, कड का फाटली, असे प्रश्न विचारत राहा आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. तव्यापुढे मात्र या वेळी नातवाला उभं करा.